अमळनेरची म्हणावी अशी माणसे

गेल्या दिवाळीत पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्या सोसायटीत मुलांसाठी भित्तिपत्रकांचा उपक्रम ठरला होता आणि तिच्या मुलाने आईचे आजोळ म्हणून अमळनेर निवडले होते. ‘मामा, अमळनेरला जन्मलेल्या दहा मोठ्या माणसांची नावे द्या, जन्मतारखेसकट,’ एवढेच तिचे मागणे होते. मी ‘उद्या देतो’ म्हणून फोन ठेवला, संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसलो आणि पहिल्या दोन नावांवरच अडलो.

अमळनेरच्या कोणाही माणसाला विचारले, तर पहिले नाव साने गुरुजींचे आणि दुसरे अझीम प्रेमजींचे येणार, यात शंका नाही. परंतु गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. आणि प्रेमजींचा २४ जुलै १९४५ चा, मुंबईचा. भाचीची अट पाळायची, तर दोघांनाही यादीतून काढावे लागत होते. चौकाचौकांतल्या फलकांवर ‘अमळनेरचे सुपुत्र’ हा शब्द आपण ज्या सढळपणे वापरतो, त्याची मला त्या संध्याकाळी थोडी लाज वाटली.

मग आमच्या जळगाव जिल्ह्याकडे हात पसरावा, असा मोह झाला. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, भालचंद्र नेमाडे सांगवीचे, प्रतिभाताई पाटील नाडगावच्या, ठिबक सिंचन घरोघरच्या शेतात नेणारे भवरलाल जैन वाकोदचे. पश्चिमेला धुळ्याकडे गेले, की शिल्पकार राम सुतार गोंदूरचे. नावे भराभर सुचत गेली, पण त्यांपैकी एकही अमळनेरचे नव्हते आणि शेजाऱ्याच्या अंगणातली फुले तोडून आपल्या देवाला वाहण्यासारखे ते झाले असते. ही नावे एकाखाली एक लिहिल्यावर मात्र जे आजवर कधी जाणवले नव्हते, ते दिसले. ही सगळी गावे लहान आहेत. खानदेशची मोठी माणसे खेड्यांत जन्मली. बालकवींचे धरणगाव त्यातल्या त्यात मोठे, तेथे ते १८९० मध्ये जन्मले. पण शहर म्हणावे असे तेही नव्हे. उलट, शहरांनी बाहेरून आलेल्यांना ठेवून घेतले. इतिहासाचार्य राजवाडे रायगडकडच्या वरसईचे. त्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला तो धुळ्यात आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले तेही धुळ्यातच. छायाचित्रकार केकी मूस मुंबईत जन्मले; पण विलायतेत शिकून आल्यावर चाळीसगावच्या एका घरात त्यांनी स्वतःला जवळजवळ कोंडून घेतले आणि १९८९ मध्ये तेथेच अखेरचा श्वास घेतला. अमळनेर याच पंक्तीतले आहे.

जन्मस्थानाच्या रकान्याविषयी आणखी एक घरगुती आक्षेप नोंदवतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यामुळे माझ्या वयाच्या निम्म्या अमळनेरकरांच्या दाखल्यावर मामाच्या गावाचे नाव आहे आणि त्या निम्म्यांत मीही आहे. असा रकाना माणसाच्या आईचे माहेर तेवढे सांगतो.

तेव्हा मी भाचीला विचारून अट बदलून घेतली. जन्माऐवजी ‘अमळनेरला केव्हा आले आणि कशासाठी आले’ हे लिहायचे ठरले. यामुळे काम सोपे झाले असे नाही, कारण ‘कशासाठी’ या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर येऊ लागले: प्रतापशेठ.

श्रीमंत प्रतापशेठ, म्हणजे मोतीलाल माणेकचंद, हे कापडगिरणीचे मालक. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याचा लोहमार्ग झाला, सुरत एका बाजूला आणि भुसावळ दुसऱ्या बाजूला आले, आजूबाजूची काळी जमीन कपाशीची होतीच. अशा गावात गिरणी निघावी यात नवल नव्हते. नवल पुढचे आहे. गिरणीच्या पैशातून या माणसाने १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले. दवाखाना, धर्मशाळा किंवा घाट बांधणारे धनिक गावोगाव होते. पण शांकर वेदान्ताचा अभ्यास करण्यासाठी देशभरातून विद्वान बोलवावेत, त्यांना राहायला जागा, वाचायला ग्रंथ आणि दरमहा वृत्ती द्यावी आणि त्यांनी विचार करण्यापलीकडे काही करू नये, ही कल्पना बोरी नदीच्या काठी, बाजारपेठेच्या गावात एका गिरणीवाल्याला सुचली, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. मुंबईच्या वल्लभदासशेठांचीही त्यांना साथ होती.

या संस्थेत कोण कोण येऊन गेले हे आज अमळनेरच्या रस्त्यावर विचारले, तर फार थोडे लोक सांगू शकतील. घनश्यामदास रतनमल मलकानी हे सिंधी गृहस्थ येथे आले आणि आयुष्याचा मोठा भाग येथेच राहिले. संस्थेचे इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक १९२५ पासून निघू लागले, त्याचे संपादन ते वर्षानुवर्षे करीत. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांना विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वचिंतकांत फार वरचे स्थान दिले जाते, ते १९३३ ते १९३५ या काळात संस्थेचे संचालक होते. रासविहारी दास येथे होते. पुढे माध्यमिक बौद्ध दर्शनावरील ग्रंथामुळे जगभर गेलेले टी. आर. व्ही. मूर्ती तरुणपणी काही वर्षे येथे अभ्यास करीत होते. एक सिंधी, दोन बंगाली, एक दाक्षिणात्य, असे चौघे संध्याकाळी मायावादावर वाद घालीत बसले आहेत आणि पलीकडे गिरणीची पाळी सुटते आहे, हे चित्र मी मनाशी पुष्कळदा रंगवले आहे. चित्र माझ्या कल्पनेतले आहे, माणसे मात्र खरी आहेत.

साने गुरुजींना अमळनेरला आणले तेही याच संस्थेने. ते शाळामास्तर होण्यासाठी आले, असा सर्वसाधारण समज असतो, तो खरा नाही. पदवी घेतल्यानंतर ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक म्हणून दाखल झाले. तेथल्या कोरड्या वातावरणात त्यांचे मन रमले नाही आणि १९२४ च्या जूनमध्ये ते गावातल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाले. वर्गापेक्षा छात्रालयात त्यांचा जीव अधिक होता. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते कोणाला न सांगता करीत. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित वृत्तपत्र ते स्वतःच्या हाताने लिहून मुलांना वाचायला लावीत. रोजचे लिखाण, तेही सुवाच्य अक्षरात, तेही शिकवण्याची पूर्ण नोकरी सांभाळून! आठवड्यातून एकदा हे टिपण पुरे करताना माझी जी दमछाक होते, ती आठवली की त्या दैनिकापुढे हात जोडावेसे वाटतात.

ही नोकरी सहा वर्षे टिकली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी राजीनामा दिला आणि धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशी तुरुंगांची यात्रा सुरू झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेच्या भाषांशी त्यांची ओळख झाली, त्यातून पुढे आंतरभारतीचा विचार आला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि ती प्रवचने गुरुजी उतरवून घेत, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी ते पूर्व खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून हिंडले आणि १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक त्यांनी अमळनेरहून काढले. म्हणजे नोकरी सुटली, तरी गाव सुटले नाही. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, त्यांच्याविषयी बोलताना एकच वाक्य म्हणत: ‘गुरुजी आमनाच शेतस’, म्हणजे आमचेच आहेत. पालगडचा विषय त्यांच्यापुढे काढण्याची कोणाची छाती नव्हती.

स्वातंत्र्य चळवळीत खुद्द तालुक्याच्या मातीतले नाव म्हणजे डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील. ते आणि त्यांच्या पत्नी लीलाताई, दोघेही ४२ च्या भूमिगत चळवळीत होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील कार्यकर्त्यांच्या साथीने एप्रिल १९४४ मध्ये चिमठाण्याजवळ जो सरकारी खजिना लुटला गेला, त्यातही उत्तमरावांचे नाव येते. डांगरी हे पुन्हा खेडेच, हे लक्षात घ्यावे. भाचीच्या मूळ अटीच्या जवळपास बसणारे हे एकच नाव माझ्या कागदावर होते.

आता प्रेमजींकडे वळतो. अझीमजींआधी त्यांचे वडील महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांचे नाव घेतले पाहिजे. २९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला काढला. या मुलखात भुईमूग भरपूर, रेल्वे दारात आणि गिरणीमुळे पाळीने काम करण्याची सवय असलेला कामगार गावात तयार. ‘सनफ्लॉवर’ छापाचे वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही त्या कारखान्याची सुरुवातीची ओळख. १९६६ च्या ऑगस्टमध्ये वडील वारले, तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते; शिक्षण अर्धवट टाकून ते परत आले आणि तेलातुपाच्या या धंद्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली. संगणक पुष्कळ नंतरचे. विप्रो या नावातली पहिली तीन इंग्रजी अक्षरे वेस्टर्न, इंडिया आणि प्रॉडक्ट्स यांच्या आरंभापासून आली आहेत, आणि ती जुळली तेव्हा डोळ्यांसमोर अमळनेरचा कारखाना होता, हे बंगळूरच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या आमच्याच गावच्या मुलांना सांगावे लागते.

या कंपनीचे शेअर अमळनेरच्या पुष्कळ घरांत होते. कोणी कारखान्यात कामाला म्हणून घेतले, कोणी शेंगांचा व्यापारी म्हणून, कोणी ओळखीच्या भिडेखातर. बोनस शेअर मिळत गेले, दर्शनी किमतीचे विभाजन झाले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांचे दिवस पालटले. आमच्या गल्लीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक अण्णा राहत. त्यांचे धोतर, सायकल आणि कळण्याची भाकरी यांत कधी फरक पडला नाही. पण मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि पक्के घर, ही तिन्ही कामे त्यांनी कर्जाशिवाय उरकली. शेअरला ते ‘कागद’ म्हणत. ‘कागद इकू नको,’ असे त्यांनी आबांना बजावले होते. आबा गिरणीचे माणूस, त्यांचा विश्वास रोकड्यावर होता. आमच्या घरात एकच कागद होता, तो त्यांनी पाऊस नसलेल्या एका वर्षी विकला. पुढे गिरणी बंद पडली, कारखाना चालू राहिला आणि आबा अण्णांच्या दारावरून जाताना मान खाली घालू लागले, असे आजी सांगे.

या सगळ्यांच्या आधीचे, आणि अमळनेरकरांच्या रोजच्या बोलण्यात सर्वांत अधिक येणारे नाव संत सखाराम महाराजांचे. बोरीच्या पात्रातली त्यांची समाधी, वाडी संस्थान, वैशाखात एकादशीला निघणारा रथ आणि पौर्णिमेची पालखी यांविषयी लिहायचे, तर स्वतंत्र टिपण हवे. येथे एवढेच सांगतो की पुण्या-मुंबईला गेलेला अमळनेरकर दिवाळीला एखादे वेळी येणार नाही, पण रथाला येतो.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला दोनदा भरले. १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, सत्त्याण्णवावे, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली प्रताप महाविद्यालयात. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही गावात भरले. दोन्ही मांडवांत मी हजेरी लावली आणि दोन्हीकडे वक्त्यांनी आरंभ साने गुरुजींपासून केला. तत्त्वज्ञान मंदिराचा उल्लेख फारसा कानावर पडला नाही, याची खंत नोंदवून ठेवतो.

शेवटी भाचीला मी सहा नावे पाठवली: सखाराम महाराज, प्रतापशेठ, साने गुरुजी, मलकानी, उत्तमराव-लीलाताई हे दांपत्य एका चौकटीत, आणि प्रेमजी पिता-पुत्र दुसऱ्या. तिचा लगेच फोन आला. ‘मामा, मलकानी कोण? आणि दहा चौकटी आखल्या आहेत, चार रिकाम्या दिसतील.’ मलकानींविषयी मी तिला अर्धा तास सांगितले, ते तिने शांतपणे ऐकून घेतले. सातव्या चौकटीसाठी मी अण्णांची हकीकत लिहून पाठवली, नाव न घालता. मुलाने त्या चौकटीत सायकलवरच्या धोतरवाल्याचे चित्र काढले आणि खाली लिहिले, ‘भागधारक, अमळनेर.’ उरलेल्या तीन चौकटी त्याने तशाच ठेवल्या आहेत. वैशाखात तो रथाला येणार आहे, तेव्हा त्यांचे काय करायचे ते आम्ही दोघे मिळून ठरवू.