तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वर्षांच्या लेकीला थायलंडमध्ये गाडीवरचं का खाऊ घातलं

‘एवढ्याशा लेकराला तिकडच्या रस्त्यावरचं खायला घालायला तुझा जीव कसा झाला गं?’ मावशीने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी फोटो बघता बघता विचारलं. दर वेळी मी विषय बदलला. आता एकदा सांगूनच टाकते.

अन्न रस्त्यावर मिळतं की काचेच्या दाराआड, याचं पोटाला काही नसतं. ते किती गरम आहे आणि शिजल्यावर किती वेळ पडून आहे, यावर सगळं ठरतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला, चांग फुअक वेशीपाशी संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे अंडं माझ्यासमोर फुटायचं, कडकडीत तेलात पडायचं आणि भातावर येऊन थेट हातात मिळायचं. हॉटेलच्या नाश्त्यातली कोमट भुर्जी कधीपासून ट्रेमध्ये आहे, हे मला कोण सांगणार होतं? पण त्या ट्रेबद्दल आजवर मला कुणी हटकलेलं नाही.

‘माय फेत’ म्हटलं की तिखट न घालता देतात. तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधाचे खनोम क्रोक आपल्या आप्प्यांसारखे खळग्यांच्या तव्यात होतात. ते निववून दिले की लेक मन लावून खायची. बर्फ मी मधे भोक असलेला, कारखान्यातून येणारा तेवढाच चालवून घेतला, लादी फोडलेला नाही. आणि जंतूंपेक्षा मला धास्ती होती ती काडीला टोचलेल्या माशाच्या गोळ्यांची. गोल, गुळगुळीत, लवचिक. एवढ्या मुलाच्या घशात अडकले की श्वासच बंद. उभे चार तुकडे केल्याशिवाय एकही दिला नाही.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्हाला खरं तर तेच ऐकायचं असतं.

संध्याकाळी तिने गाडीवरचा खाओ तोम खाल्ला होता, म्हणजे उकळत्या रश्शातला मऊ भात. मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या. पहिलीनंतर मी चादर बदलली, दुसरीनंतर तिला मांडीवरच घेतलं. नवरा एवढंच म्हणाला, ‘तुझं ते गाडीवरचं.’ मी उत्तर दिलं नाही. घरून नेलेलं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवलं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा. तिला घटाघटा प्यायचं होतं, ती पेल्याला हात घालत होती, रडत होती, आणि मी पेला लांब धरून बसले होते. तहानलेल्या लेकराला पाणी मोजून देणं काय असतं, ते त्या रात्री कळलं. लघवी होतेय का ते बघायला मधेच डायपर चाचपायचे. कोरडं. परत चाचपायचे. कोरडंच. उजाडताना ते ओलं लागलं तेव्हा मला हुंदका आवरला नाही.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, रडताना डोळ्यांत पाणी येतं का ते विचारलं. ओआरएस चालू ठेवा म्हणाले, बहुधा विषाणू असावा, पण कशातून आला ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी लेक खेळायला लागली.

सगळे शेवटच्या घासाला दोष देतात. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणारा एक विषाणू, पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला १२ ते ४८ तास लागतात. त्या वेळात तिने विमानातल्या ट्रेला तोंड लावलं होतं, हॉटेलात कापलेली पपई खाल्ली होती, इतर मुलांच्या खेळण्यांशी खेळली होती. हे मी नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, तुम्हालाही सांगते आहे.

पण दुसरी बाजूही मला माहीत आहे. शिजलेला भात बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढू शकतो. त्याचं विष पुन्हा उकळूनही जात नाही आणि काही तासांतच उलट्या होतात. खाओ तोमचा रस्सा माझ्यासमोर उकळत होता. त्यात घातलेला भात कधीचा होता, ते मी पाहिलं नव्हतं, पाहता येण्यासारखंही नव्हतं. म्हणजे ज्या आचेवर माझा एवढा भरवसा, ती इथे पुरेशी नव्हती, असंही असू शकतं.

निघताना मीच बॅगेत मेतकूट, तूप आणि छोटा कुकर भरला होता. बाहेरचा घासही द्यायचा नाही असं ठरवलं होतं. ती निघण्याआधीची मी त्या रात्री डोक्यात सारखी बोलत होती. तिला मी आजही सांगते की चार दिवस मेतकूट-भात बघून लेकीने तोंड फिरवलं होतं, आणि त्या गाड्यांपाशी ती स्वतःच्या हाताने चिकट भाताचे गोळे करून जेवायला शिकली. ती मी ऐकून घेते, पण तिला पटत नाही.

पुढच्या वर्षी मलेशियातल्या पिनांगला जायचं घाटतंय. तिथेही लेक गाडीवरचं खाईल. भाताचं काय करायचं आणि कापलेली फळं द्यायची का, यावर आम्हा दोघांचं अजून जमलेलं नाही.