ऊर बडवला की छाती ठोकली?

सोमवार

बायबलच्या भाषांतराचा विषय निघाला की ‘साधी भाषा’ हे शब्द फार सहज तोंडी येतात. जड शब्द काढले, लांब वाक्यं तोडली, की झालं साधं, असा समज. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पहिल्याच अध्यायातलं चौथं वचन हा समज मोडायला पुरेसं आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे चार नामं एकामागे एक येतात: बाप्तिस्मा, पश्चात्ताप, क्षमा, पापं. ‘पापांच्या क्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा’ असं उतरवलं तर एकेक शब्द ओळखीचा वाटतो, पण हाती काही लागत नाही. ही चारही नामं म्हणजे कुणीतरी केलेल्या कृती आहेत, आणि करणारा कुठेच दिसत नाही. पाप लोक करतात, मागे फिरतात ते लोकच, पाण्यात उतरवतो बाप्तिस्मा देणारा योहान, क्षमा करतो देव. बोलीत हे क्रियापदांनीच उलगडावं लागतं: ‘वाईट वाट सोडून मागे फिरा, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे देव तुम्हाला पापांची क्षमा करील.’ शब्द वाढतात आणि ऐकणाऱ्याची दमछाक कमी होते.

पण कर्ता दाखवण्याची सवय लागली की ती नडतेही. मार्क 2:5 मध्ये येशू पांगळ्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. ज्या बोलीत अशी कर्मणी रचना नाही, तिथे क्षमा कुणी केली हे सांगितल्याशिवाय वाक्यच उभं राहत नाही. ‘देवाने केली’ म्हटलं, तर पुढे शास्त्री (यहूदी धर्मशास्त्राचे जाणकार) चिडतात कशाला, हेच कळत नाही. ‘मी करतो’ म्हटलं, तर जे वाक्यानं अर्धवट झाकून ठेवलंय ते उघडं पडतं. इथे नियम नाही, पुढची दोन वचनं मोठ्यानं वाचून वाद जिवंत राहतो का ते पाहायचं.

मंगळवार

आज शरीराचे शब्द. शुभवर्तमानांत कळवळा येण्यासाठी एक ग्रीक क्रियापद 12 वेळा येतं, आणि त्याचं मूळ ‘आतडी’ या शब्दात आहे. येशूच्या गोष्टींत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाला जे झालं ते हेच, घर सोडून गेलेला मुलगा दूरवर दिसल्यावर बापाला झालं तेही हेच. पुस्तकी भाषांतरात याची ‘दया’ होते. दया वरून खाली केली जाते, आतडं मात्र आपोआप तुटतं. मराठीला हा वाक्प्रचार आयता मिळालाय आणि तरी कागदावर ‘दया आली’च उतरते, कारण धर्मग्रंथात आतडी शोभत नाहीत असं कुणाला तरी वाटतं. माझं मत उलट आहे. ज्या बोलीत पोट, काळीज किंवा घसा हे भावनेचं घर असेल, तिथे बिनदिक्कत तेच घ्यावं.

लूक 18:13 मधला जकातदार देवळात प्रार्थना करताना शरमेनं स्वतःच्या छातीवर मारून घेतो. मराठीत इथे एका क्रियापदानं घात होतो. ‘ऊर बडवून घेतला’ म्हटलं तर शोक. ‘छाती ठोकली’ म्हटलं तर हा शरमलेला माणूस एकदम फुशारकी मारायला लागतो, म्हणजे त्याच देवळात स्वतःची थोरवी सांगणाऱ्या परूश्यासारखाच (परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी) होतो. अवयव तोच, हालचालही तीच. म्हणून हावभावांची वेगळी यादी करून ती ऐकणाऱ्यांकडून करून घ्यावी: ‘हे करून दाखवा, आणि माणूस असं केव्हा करतो ते सांगा.’

बुधवार

ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद नाही. मराठीत आहे, गोंडीत आहे, कोरकूतही आहे, आणि कोरकूत शिवाय दोघांसाठी वेगळं द्विवचन. त्यामुळे मूळ लेखकानं न घेतलेला निर्णय भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वेळी घ्यावा लागतो.

वादळात नाव बुडू लागते, येशू झोपलेला, शिष्य त्याला उठवतात (मार्क 4:38). ‘आम्ही बुडतोय’ म्हटलं तर गुरू सुरक्षित आणि शिष्य तेवढे मरणार, असा सूर लागतो. ओरडणाऱ्यांच्या तोंडी ती तक्रार म्हणून शोभेलही. ‘आपण बुडतोय’ म्हटलं तर सगळेच एका नावेत. मला दुसरं पटतं, पण मराठीत लगेच नवा खड्डा आहे: ‘आपण बुडतोय, आपल्याला काहीच वाटत नाही का?’ यातलं दुसरं ‘आपल्याला’ आदरार्थी आहे की सगळ्यांचं, हे कानाला कळत नाही. मग ‘तुम्हाला’ घ्यावं लागतं.

लूक 7:5 त्याहून नाजूक. यहूदी वडीलधारे येशूकडे एका परक्या शताधिपतीची (शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याची) शिफारस करतात: त्याचं राष्ट्रावर प्रेम आहे, सभास्थानही (यहूद्यांचं प्रार्थनास्थळ) त्यानंच बांधून दिलं. राष्ट्र ‘आपलं’, कारण येशूही यहूदी. सभास्थान मात्र कफर्णहूमचं आणि येशू नासरेथचा, म्हणून ‘आम्हाला’ बांधून दिलं. एकाच वाक्यात दोन्ही. घाईच्या मसुद्यात इथे हमखास चूक होते. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतल्या ‘हे आमच्या पित्या’ला अडचण नाही; ज्याला हाक मारायची त्याला हाकेत धरता येत नाही.

गुरुवार

परिभाषेचे शब्द. देव, आत्मा, पाप, कृपा, नीतिमत्त्व, संदेष्टा: मुख्य शब्दांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवायची आणि प्रत्येकापुढे का घेतला, कोणता नाकारला, हे लिहायचं. पॅराटेक्स्टसारख्या, बायबल भाषांतरासाठीच्या संगणक प्रणालीत याची सोय असते, पण कारण माणसानंच भरायचं असतं. ते भरलं नाही तर पुढे बायबलमधल्या पत्रांवर काम करणारी नवी मंडळी तोच वाद पहिल्यापासून घालतात.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे टाळता येत नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि ग्रंथ 1924 मध्ये छापून निघाला. संस्कृतात मुरलेल्या या विदुषीचा आग्रह होता की संस्कृतप्रचुर, जुन्या धर्मकल्पना चिकटलेले शब्द टाळावेत. कोणता शब्द आपल्याबरोबर काय ओढून आणतो, हे त्यांना इतरांहून जास्त ठाऊक होतं.

कधी प्रश्न भाषेचा नसतोच. बंगालीत बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी ‘बाप्तिस्मा’साठी पाण्यात बुडवणं या अर्थाचा शब्द घेतला. पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथांना तो मान्य होणं शक्य नव्हतं. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं अशा भाषांतराला पैसा द्यायचं नाकारलं, आणि 1840 मध्ये बाप्टिस्टांनी वेगळी बायबल ट्रान्सलेशन सोसायटी काढली. ग्रीक शब्द तसाच उचलून ‘बाप्तिस्मा’ लिहिण्यात निम्मा भाग तडजोडीचा आहे, तो यामुळे.

पैशांचं थोडक्यात. मत्तय 18 मधल्या गोष्टीत एका चाकरावर राजाचं असलेलं 10,000 तलांतांचं कर्ज आजच्या चलनात लिहू नये. महागाईनं ते दहा वर्षांत खोटं पडतं. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस, एक तलांत म्हणजे 6,000 दीनार. एकूण 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षात 300 दिवस काम धरलं तर 2 लाख वर्षं. आणि दुसऱ्या चाकराकडून या चाकराला येणं होतं 100 दिवसांचं. कुठलंही माप वापरा, पण ही तफावत ऐकताक्षणी जाणवली पाहिजे.

शनिवार

सगळ्यात कमी वेळ ज्याला दिला जातो ते काम: लोकांत जाऊन तपासणं. ज्यांनी तो उतारा आधी ऐकलेला नाही अशी तीन-चार माणसं, वेगवेगळ्या वयाची, त्यांत बायकाही हव्यातच. वाचणारा भाषांतरकार नसावा. तो आवाजानं अर्थ भरतो आणि कच्चं वाक्य पक्कं वाटतं. एका वेळी पाच-सहा वचनं वाचायची, मग ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’. ‘कळलं ना?’ हा प्रश्न बाद, कारण पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. विचारायचं ते कोण, कुणाला, का. उत्तर चुकलं तर शिकवायचं नाही, लिहून घ्यायचं. एक जण अडखळला तर खूण, दोघं त्याच जागी अडखळले तर वाक्य बदलायचं.

मग उलट भाषांतर. भाषांतर तपासणाऱ्या सल्लागाराला ती बोली येत नसते, म्हणून बोलीतला मजकूर त्याला कळणाऱ्या भाषेत पुन्हा उतरवायचा, आणि तो अशा माणसानं ज्याचा मसुदा करण्यात हात नव्हता. बायबल पाठ असलेला माणूस इथे निरुपयोगी. मसुद्यात ‘छाती ठोकली’ असेल तरी तो सवयीनं ‘शोक केला’ लिहितो आणि चूक सल्लागाराच्या नजरेआडून निघून जाते. म्हणून दोन प्रती मागवाव्यात: एक शब्दाला शब्द, एक ओघवती. दोन्हींत जिथे फरक पडतो तिथे पेन्सिल आधी ठेवायची.

छापण्यापूर्वी सगळा मजकूर एकदा मोठ्यानं वाचला जातो. वाचक श्वास घ्यायला चुकीच्या जागी थांबला, तर तिथलं विरामचिन्ह बदलून भागतं. एखादं वाक्य तो दोनदा वाचतो, ते मात्र पुन्हा गावात न्यावं लागतं.