पॅसिताचे टाके

ताईचं वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. "एवढी मशीनवर बसतेसच, तर पडदेही शिवून टाक ना." मनात वाईट काही नव्हतं तिच्या. पडदे लागणारच आहेत. पण मग इतके महिने मी जे कापडी चित्र शिवतेय, ते तिला काय वाटत होतं? आई असती तर... जाऊ दे.

संध्याकाळी सिंगापूर नदीकाठच्या रॉबर्टसन कीला उतरून अल्काफ पुलावर गेले. फिलिपिनो चित्रकार पॅसिता अबादनं २००४ मध्ये रंगवलेला हा पूल. कॅन्सरचे उपचार चालू असताना रंगवलेला. त्याच डिसेंबरात ती इथे सिंगापुरातच वारली. वर्तुळंच वर्तुळं, भडक, आनंदी.

मला मात्र तिचे कॅनव्हास आठवत होते. रंगवून झालं की ती मागे अस्तर लावायची, मध्ये भरण घालायची, हातानं टाके मारायची. वर आरसे, कवड्या, गुंड्या, मणी. ट्रापुंतो म्हणतात त्याला. गोधडीच्या जवळचं काम. फिलिपिन्सच्या बटानेस बेटांवरची ही मुलगी कायदा शिकायला स्पेनला निघाली, वाटेत सॅन फ्रान्सिस्कोत राहिली आणि तिथे पोटासाठी शिवणकामही केलं. म्हणजे लोकांचे कपडे शिवणारी बोटं आणि ते कॅनव्हास शिवणारी बोटं एकच. हे मला आज फार हवं होतं.

१९८४ साली फिलिपिन्समधला 'दहा उत्कृष्ट तरुण पुरुष' हा पुरस्कार तिला मिळाला, पहिल्यांदाच एका बाईला, तर पुरुष चित्रकारांनी निषेधाची पत्रं लिहिली. आणि अमेरिकेत मिनिआपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये तिचं मोठं प्रदर्शन लागलं ते २०२३ मध्ये. तिला जाऊन तोवर अठरा वर्षं उलटली होती. पुलावर उभी असताना रडूच आलं. तिची ही गत, तर माझं कोण बघणार?

पण परत येताना वाटलं, ती थांबली कुठे होती? देश बदलत राहिली, जिथे गेली तिथलं कापड, तिथले टाके उचलत राहिली. कुणी बघेल तेव्हा बघेल. पडदे शिवीन मी, त्यात कमीपणा कसला? ताईला एकदा नीट बसवून दाखवायला मात्र हवं, उलट्या बाजूसकट.

निळ्या तुकड्यात कापूस कमी पडलाय. उद्या सकाळी तेवढी शिवण उसवून पुन्हा भरते.