अंटार्क्टिकाची आलिशान क्रूझ: सगळ्यात वरची केबिन घेऊ नका

"एवढं मोठं जहाज आहे, स्टॅबिलायझर आहेत, पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही." बुकिंग करून देणाऱ्या एजंटचं हे वाक्य मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. त्याच्याच भरवशावर आम्ही दोघी बहिणींनी सातव्या डेकवरची, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली केबिन घेतली. चौथ्या डेकवरच्या साध्या खिडकीच्या केबिनपेक्षा माणशी २,५०० डॉलर जास्त मोजले. अकरा दिवसांत त्या बाल्कनीत आम्ही तासभरसुद्धा उभ्या राहिलो नाही. ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या खवळलेल्या समुद्रात, तर बाल्कनीचं दार उघडायचंच नाही असा हुकूम होता.

जाण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं. स्टॅबिलायझर म्हणजे जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले पंख. ते जहाजाचं डावीउजवीकडे डोलणं कमी करतात. समोरून लाट आली की जहाजाचं नाक वर जातं आणि खाली आपटतं, त्यावर या पंखांचा काही इलाज नाही. लहान मुलांच्या सी-सॉवर मध्ये बसलेल्याला फारसं काही होत नाही, टोकाला बसलेला मात्र वरखाली होत राहतो. जहाजाचंही तसंच आहे. शिवाय जितकं उंच जाल तितकं डोलणं जास्त. म्हणजे पुढचं टोक आणि वरचा डेक ही सगळ्यात वाईट जागा, आणि नेमकी तीच सगळ्यात महाग. तुम्हाला केबिन घ्यायची असेल तर खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध घ्या. डेकचा नकाशा मागवा आणि स्वतः बोट ठेवून जागा दाखवा. "व्ह्यू चांगला आहे" यावर विश्वास ठेवू नका. व्ह्यू बघायला सगळेच उघड्या डेकवर जातात.

जहाज अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून संध्याकाळी सुटतं. पहिले काही तास बीगल चॅनलमधले, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी तळ्यासारखं. इथेच सगळे फसतात. आम्हीही पोटभर जेवलो, ताईने गोड दोनदा घेतलं, आणि बोट लागू नये म्हणून कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच "गरज पडली तर बघू" म्हणून बॅगेतच राहिला. मध्यरात्रीनंतर जहाज उघड्या समुद्रात आलं. केप हॉर्नपासून दक्षिण शेटलंड बेटांपर्यंत साधारण ८०० किलोमीटरचा हा पट्टा म्हणजे ड्रेक पॅसेज. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेच जमीन आडवी येत नाही, त्यामुळे पश्चिमेचे वारे अडथळ्याशिवाय गोल फिरत राहतात आणि लाटांना वाढायला हवी तेवढी जागा मिळते. नशीब चांगलं असेल तर हाच समुद्र शांतही मिळतो. खलाशी त्याला ड्रेक लेक म्हणतात. आमच्या वाट्याला ड्रेक शेक आला. सकाळी कॅप्टनने सात-आठ मीटरच्या लाटा असल्याचं सांगितलं.

त्या रात्रीचं एवढंच सांगते. पहाटे तीनच्या सुमाराला कपाटाचे तिन्ही ड्रॉवर एकदम बाहेर आले आणि पुढच्या लाटेला धाडकन आत गेले. मग परत बाहेर. पडदे भिंतीपासून सुटून हवेत तिरपे उभे. पलंग अंगाखालून निघून जायचा, क्षणभर आपण अधांतरी, आणि मग तोच खालून पाठीत बसायचा. ताई दोन्ही हातांनी गादीची कड धरून डोळे मिटून पडली होती. मी बाथरूमपर्यंत चार पावलं जायला पाच मिनिटं घेतली. उजाडेपर्यंत पोटात पाणीदेखील ठरत नव्हतं. पॅच लावला, पण त्याचा गुण यायला काही तास लागतात आणि तोवर उशीर झालेला असतो. शेवटी डॉक्टरांनी येऊन ताईला इंजेक्शन दिलं.

दुसरी केबिन मागितली, रिकामी नव्हती. मग दुसऱ्या दिवशी आम्ही उशा घेऊन चौथ्या डेकवर, रिसेप्शनसमोरच्या सोफ्यांवर जाऊन पडलो. जहाज तेच, लाटा त्याच, तरी तिथे तासाभरात ताईला झोप लागली आणि दुपारी तिने दोन बिस्किटं खाल्ली. केबिनच्या जागेबद्दल मी इतकं का लिहिते आहे, त्याचं उत्तर ती दोन बिस्किटं आहेत.

तेव्हा पॅच किंवा गोळी उशुआयाला जहाजावर चढण्यापूर्वीच घ्या, समुद्र कितीही शांत दिसला तरी. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. काचबिंदू असलेल्यांना आणि लघवीला अडथळा होणाऱ्यांना हा पॅच चालत नाही. तो लावल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं. तोंडाला कोरड पडते, ते सहन करा. चालताना एक हात कायम कठड्यावर ठेवा. दाराची चौकट कधीही धरायची नाही, हँडलच धरायचं. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांची दोन बोटं दारात सापडली आणि पुढची सगळी सफर त्यांनी हाताला बँडेज बांधून केली. कठड्यांच्या मागे जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या दिसतील. संकोच न करता दोन खिशात ठेवा.

आता दिवसांचा हिशोब. जाहिरातीत "११ दिवस अंटार्क्टिका" असतं. त्यातले जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन ड्रेकमध्ये जातात, पहिली संध्याकाळ आणि शेवटची सकाळ बंदरात. बर्फावर पाय ठेवायला आम्हाला पाच दिवस मिळाले, आणि त्यातल्या एका दिवशी वाऱ्यामुळे किनाऱ्यावर उतरण्याच्या दोन्ही फेऱ्या रद्द झाल्या. त्याचे पैसे परत मिळत नाहीत, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ही फसवणूक नाही, तिथलं हवामानच तसं आहे. पण पैसे भरताना पाच दिवस धरूनच भरा. ड्रेक टाळायचाच असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडता येतं, साधारण दोन तासांत. मात्र धुकं असलं की विमान उडत नाही आणि वाट बघण्यात तुमचाच एखादा दिवस जातो.

केबिनच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न: जहाजावर प्रवासी किती? तारे किती, शेफ कुठला, हे नंतर विचारा. एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटक उतरवायचे नाहीत, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही, असा नियम आहे. आमच्या जहाजावर १९० जण होते. म्हणजे अर्धे किनाऱ्यावर, अर्धे रबरी बोटीतून फेरी मारताहेत, मग अदलाबदल. किनाऱ्यावर जेमतेम सव्वा तास मिळायचा. नेको हार्बरला हिमनदीचा कडा तुटण्याची वाट बघत सगळे गप्प उभे होते आणि आम्हाला बोलावणं आलं. बोट किनाऱ्यापासून सुटली तेव्हा मागे तो गडगडाट झाला. मी मान वळवेपर्यंत फक्त पाण्यावरची पांढरी धूळ उरली होती. शंभराच्या आतलं जहाज घ्या. त्याची सजावट साधी असेल तरी चालेल.

या रबरी बोटींना झोडियाक म्हणतात. जहाजाच्या बाजूच्या दारातून तिच्यात उतरायचं असतं आणि ती लाटेबरोबर मीटरभर वरखाली होत असते. खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर कोपराखाली त्याचा हात आपण आणि आपला त्याने धरायचा. पंजा निसटतो, ही पकड निसटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा बॅगेत. बोट वर आली की तो "नाऊ" म्हणतो, तेव्हाच पाऊल टाका. ताईने पहिल्या दिवशी आधीच पाऊल टाकलं आणि दोन खलाशांनी तिला अक्षरशः हवेत झेललं.

जमिनीवर खाणं नाही आणि शौचालयही नाही, आडोशालासुद्धा नाही. बोटीतली फेरी धरून तीन तास होतात. उतरण्याआधी चहा-कॉफी बंद ठेवा. बर्ड फ्लू तिथवर पोहोचल्यापासून खाली बसणं, गुडघा टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणंही बंद आहे. म्हणजे पूर्ण वेळ उभं राहायचं, तेही चढाच्या बर्फावर. गुडघे कुरकुरत असतील तर काठी न्याच. जाण्यापूर्वी खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्यूम करून घेतात, त्यात अडकलेलं एखादं बी चिमट्याने काढतात, बूट जंतुनाशकात बुडवतात. नवे कपडे नेलेत तर यात निम्मा वेळ वाचेल. जाडजूड जॅकेट आणि रबरी बूट जहाजावर मिळाले. वॉटरप्रूफ पँट आणि दोन थरांचे हातमोजे मात्र आपले न्या. जहाजावरच्या दुकानात हातमोज्यांना ८५ डॉलर सांगितले.

आम्ही डिसेंबरच्या शेवटी गेलो. बर्फ अजून खोल आणि भुसभुशीत होता, पाय मांडीपर्यंत रुतायचा. तो खड्डा लगेच बुजवायचा असतो, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. कुवरव्हिल बेटावर माझ्या मागच्या माणसाने खड्डा तसाच सोडला. मी वाकून हाताने बर्फ लोटत होते, तेवढ्यात एक जेंटू पेंग्विन चोचीत खडा धरून तिथे आला आणि थांबला. नियम पाच मीटर अंतराचा आहे, पण वाट त्यांची आणि आडवी मी आले होते, म्हणून हलायचं नाही. त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, ओल्या खड्यावरून पाण्याचा थेंब गळला, आणि बुजवलेल्या बर्फावरून तो माझ्या बुटाला वळसा घालून गेला. त्याच्या पायांचा आवाज ओल्या कपड्यावर चापट मारल्यासारखा येत होता. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. वास म्हणाल तर भयंकर असतो, क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन गुलाबी झालेली विष्ठा सगळीकडे. पण दहा मिनिटांनी त्याचं भान राहत नाही.

डिसेप्शन बेट आणि पॅराडाइज बे सुरेख होते, ते तुम्ही बघालच. लमेयर चॅनल या उंच कड्यांमधल्या अरुंद सामुद्रधुनीवर मात्र आस लावू नका. प्रत्येक माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो असतो, आणि आमच्या वेळी तो बर्फाने बंद होता. जहाज तोंडापर्यंत जाऊन परत फिरलं. व्हेल भरपूर बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा.

पैशांचं आणखी थोडं. एकटे जाणार असाल तर केबिनचं दीडपट-दुप्पट भाडं लावतात. अनोळखी जोडीदाराबरोबर केबिन वाटून घ्यायची सोय आहे का ते आधी विचारा. जहाजाने वा विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात आहे का ते अक्षर न् अक्षर वाचा. ब्वेनोस आयरेसमध्ये विमानतळ दोन आहेत. परदेशातून बहुतेक विमानं एसेइसाला येतात आणि उशुआयाची बरीच विमानं आएरोपार्केहून सुटतात. मधल्या प्रवासाला पुरेसा वेळ ठेवा आणि उशुआयाला किमान एक दिवस आधी पोहोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

परतीच्या ड्रेकसाठी पॅच शेवटच्या वेळी किनाऱ्यावर उतराल त्या दुपारीच बदला, तीन दिवसांनी त्याचा गुण संपतो. आम्ही बदलला, ड्रॉवरच्या मुठी चिकटपट्टीने बांधल्या, रात्री हलकं जेवलो आणि उशा घेऊन आधीच चौथ्या डेकवर जाऊन झोपलो.