स्टेक खायला गेलो आणि गोंयकार ठरलो

कॅसिनोत जेवायला जाणार असाल तर आधी आधार कार्डावरचा पत्ता वाचा. कपडे, बुकिंग, पैसे हे सगळं नंतर. मी वाचला नव्हता, म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर मी कुठला असलं काय लिहितोय.

ताई आणि दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दाजींना काय हवं विचारलं तर म्हणाले स्टेक खायचाय, आणि तो पण पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात घेतलेलं. माणूस बेळगावच्या शहापुरात दुकान चालवतो, आयुष्यात पाच रुपयाची लॉटरी घेतली नाही, पण कॅसिनोतलंच जेवण पाहिजे. ताई म्हणाली जुगार खेळणार असाल तर मी येत नाही. दाजी म्हणाले खेळतंय कोण, खायाला जाऊलालोय.

बुधवार ठरला. का, तर सोमवारी दाजींचा वार, गुरुवारी ताईचा, शनिवारी माझा, आणि शुक्रवार-रविवारी तिकीट महाग. बेळगावातनं दीडला निघालो, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत साडेपाचला पणजी. रस्त्याबद्दल बोलत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. गाडी पाटो भागात, पुलापलीकडं लावली कारण जेट्टीजवळ जागा मिळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता तिकिटाचं सांगतो. जहाजावर जायचं तर प्रवेशाचं पॅकेज घ्यावंच लागतं, खेळा नाहीतर नका खेळू. त्यात बुफे आणि दारू येते, पण स्टेकचं रेस्टॉरंट त्यात येत नाही, त्याचं बिल वेगळं. म्हणजे बुफेचे पैसे भरायचे, बुफे सोडायचा, आणि वरच्या मजल्यावर जाऊन परत पैसे भरायचे. शिवाय कॅसिनोच्या प्रवेशावर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, आधी २८ होता. आम्ही चौघांचं ऑनलाईन भरलं होतं, परत न मिळणारं. टेबल आठचं होतं, त्याचे हजार रुपये माणशी वेगळे भरलेले आणि फोनवर बजावून सांगितलेलं की सव्वाआठपर्यंत आला नाहीत तर टेबल सोडणार.

सातला जेट्टीवर. पहिली अडचण दाजींच्या पायात. पुरुषांना चपला चालत नाहीत, हाफ पँट चालत नाही. दाजींनी खास या दिवसासाठी अथणीहून आणलेलं नवं कोल्हापुरी घातलं होतं, कर्र कर्र वाजणारं. सिक्युरिटीवाला म्हणाला शूज लागतात. दाजींनी त्याला इटलीच्या फॅशन शोची गोष्ट ऐकवली, की तिथं हेच चप्पल रॅम्पवर चालतंय आणि तुमच्या जेट्टीवर चालत नाही व्हय. तो बिचारा हसला, खरं सोडलं नाही. दाजींचे बूट गाडीत होते. मी पाटो पुलावरनं चालत गेलो, बूट घेतले, चालत आलो. घामाघूम. तिघांचं काऊंटरवर होऊन हाताला पट्टे बांधून झाले होते. मी आधार पुढं केलं.

मुलीनं कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं. म्हणाली, "तुमी गोंयचे मू?"

मी म्हटलं नाही हो, बेळगावचा.

"सर, आधारार फोंडा आसा. गोंयकारांक एंट्री ना."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी २०१४ ते २०१९ वेर्ण्याच्या एका कारखान्यात होतो, राहायला फोंड्याला खोली. गॅस कनेक्शनसाठी आधारवर तिथला पत्ता घातला होता. लॉकडाऊनच्या आधी बेळगावला परत आलो, तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लागलो, पत्ता बदलायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे सहा वर्षं राहून गेला. आणि गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी आहे. पर्यटकांनी खेळायचं, घरच्यांनी नाही, असा हिशोब. कायदा म्हणून मला पटतो पण, आमच्या ताईसारख्या बायकांनीच मागितला असणार. खरं त्यात मी कुठं बसतोय?

मी म्हटलं मी खेळणारच नाही, जेवायचंय फक्त. तर म्हणे रेस्टॉरंटला जायचा रस्ता खेळायच्या हॉलमधनंच आहे. मी म्हटलं डोळे झाकून जातो. ती हसली नाही.

मग दुसरं ओळखपत्र. मतदान कार्ड घरी. मुलाला फोन लावून फोटो मागवला, त्यानं कपाट उघडून, सगळ्या फाईली कॉटवर ओतून, पंधरा मिनिटांनी पाठवला, तो पण अंगठा आडवा आलेला. काऊंटरवर म्हणाले ओरिजिनल पाहिजे. पॅन दाखवलं, त्यावर पत्ताच नसतो. मोबाईलमधलं आधार दाखवलं, त्यात पण फोंडाच येणार की, वेगळं काय येणार, पण माणूस बुडताना काय पण धरतो. बँकेचं पासबुक आहे का विचारलं, स्टेक खायला पासबुक घेऊन कोण येतंय?

मागं रांग वाढत चाललेली. हैदराबादची पोरं, पुण्याची पोरं, धडाधड कार्ड दाखवून पट्टे बांधून फेरी बोटीत. त्यातला एक मला म्हणाला, अंकल साईड. मी साईडला झालो. साईडला एक सोफा होता, त्यावर माझ्यासारखाच एक अडकलेला होता, वाळपईचा, तो मला कोकणीत म्हणाला की आपण कदंबचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, कंडक्टर असून मेहुण्यासाठी आलोय, आणि माझ्याकडं असा बघत होता जसं काय आम्ही दोघं एकाच गुन्ह्यात पकडलोय.

त्या सोफ्यावर बसून समोर मांडवी बघत होतो. सहा जहाजं लायटिंग करून उभी. आणि एकच डोक्यात येत होतं, ही नदी आमच्या खानापूर तालुक्यातनं येते. तिकडं म्हादई, इकडं मांडवी. कणकुंबीला कळसा नाल्यावरनं दोन राज्यं किती वर्षं भांडतायत, दुपारीच तिथनं आलो होतो. पाणी आमच्याकडनं विनातपास येतंय आणि मला तिच्यावर तरंगणाऱ्या जहाजात जेवायला सोडत नाहीत.

आणि दुसरं. १९५६ पासून आम्ही सीमाभागातले. बेंगळुरात गेलं की महाराष्ट्राचे, पुण्यात गेलं की कर्नाटकचे. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. आयुष्यात कुठल्या राज्यानं इतक्या ठामपणे मला आपलं म्हटलं नव्हतं, आणि गोव्यानं म्हटलं ते नेमकं दारातनं परत पाठवायला.

आठ वाजले. सव्वाआठ झाले. दाजी आतनं काचेला हात लावून खुणा करत होते, मग फोन, "काय करुलालास बे इतका वेळ?" मी म्हटलं दाजी, तुम्ही जावा, टेबल जाईल. ते म्हणाले तुला टाकून कसा जाऊ, आणि मागनं ताईचा आवाज, त्याला म्हणावं गाडीत लायसन असतंय नव्हं.

लायसन! गाडीच्या कागदांच्या पाऊचमध्ये. मी तासाभरापूर्वी बूट काढायला डिकी उघडली तेव्हा तिथनं चार फुटांवर होतं ते. इतका राग आला ना, स्वतःचाच, की सांगता येत नाही. परत पाटो पूल. परत गाडी. बेळगाव आरटीओचं, केए २२, पत्ता खानापूर तालुका, अजून पाच वर्षं व्हॅलिड. नाचत आलो.

तर सुपरवायझर आला आणि म्हणाला, सर, एकावर गोवा, एकावर कर्नाटक, आम्ही कुठलं खरं धरायचं?

मी गप्प. खरंच, काय सांगणार. मग मी पण जरा आवाज चढवला, म्हटलं माझा जन्म तिथला, मतदान तिथलं, नोकरी तिथली, गाडीचा नंबर बघा, आणि गोव्याचा म्हणून मला एक तरी फायदा मिळालाय का दाखवा. तो मॅनेजरला विचारतो म्हणून गेला. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत वाळपईचा कंडक्टर उठून गेला, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून. शेवटी मॅनेजर आले, लायसन उलटंपालटं बघितलं, कंपनीचं आयकार्ड मागितलं, ते पाकिटातच होतं (मला सुचलंच नव्हतं, तुम्हाला सुचू दे), त्यावर उद्यमबाग, बेळगाव. एका कागदावर लिहून घेतलं की मी गोव्याचा रहिवासी नाही, सही घेतली, पट्टा बांधला. नऊ वाजून वीस मिनिटं. मी आभार मानले का ते आठवत नाही. बहुतेक नाही.

बाकीचं भराभर सांगतो. फेरी बोटीनं जहाजापर्यंत पाच मिनिटं. हॉलमधनं जाताना ताईनं पर्स पोटाशी धरलेली, आणि माझ्या बायकोनं फोटो काढायला मोबाईल वर केला तर लगेच एकजण धावत आला, टेबलांजवळ फोटो चालत नाहीत. आमचं टेबल अर्थातच दुसऱ्याला गेलं होतं. पाऊण तास थांबून कोपऱ्यातलं मिळालं, किचनच्या दारासमोर, नदी दिसणार नाही अशा बेतानं. वेटर म्हणाला शेवटची ऑर्डर पावणेअकराला. हजार रुपये बिलात वळते करतो म्हणाले, केले पण, तेवढं खरं.

मेन्यूत टेंडरलॉइन होतं, खाली बफ लिहिलेलं, म्हणजे म्हशीचं. बीफ आयात करायला आपल्या देशात बंदीच आहे, त्यामुळं मोठी नावं वाचून भुलू नका, विचारा कशाचं आहे. आम्ही ते घेणार नव्हतोच. मी आणि दाजींनी लँब चॉप्स सांगितले, बायकांनी चोणक मासा, तो पण स्टेकसारखा जाड तुकडा भाजून देतात. वेटरनं विचारलं, कसं हवं, मीडियम रेअर? दाजी म्हणाले, शिजलेलं. मी हळूच सांगितलं दाजी, मीडियम म्हणा. इथं टिप देतो, पहिल्यांदा खाणाऱ्यांनी मीडियम सांगा, मध्ये गुलाबी राहतं पण दचकायला होत नाही. वेल डन सांगितलं तर एवढ्या पैशात वहाण चावल्यासारखं लागेल.

ताट आलं. पांढरी मोठी डिश, मध्ये चार बरगड्या उभ्या करून ठेवलेल्या, कडेच्या चरबीला तपकिरी कड आलेली, वर खडे मीठ, बाजूला बोटाएवढ्या भांड्यात सॉस. दाजींनी सुरी लावली. लाकडी मुठीची, जड. आतनं गुलाबी निघालं आणि डिशवर लालसर पाणी पसरलं. दाजींनी सुरी खाली ठेवली. माझ्याकडं वाकून म्हणाले, "कच्चं हाय बे. रगत हाय."

मी म्हटलं रक्त नाही दाजी, रक्त कापतानाच निघून जातं, हा मांसाचा स्वतःचा रंग आहे पाण्यात उतरलेला. मला हे मुलानं सांगितलं होतं. दाजींना पटलं नाही, खरं सोळा तासाची भूक म्हणा किंवा किंमत म्हणा, त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. चावतायत, चावतायत. मग काही न बोलता दुसरा कापला. तिसऱ्याला सुरी-काटा बाजूला, हाडूक हातात. पलीकडच्या टेबलावरचे बघत होते, बघू देत. ताई म्हणाली अहो, काय हे. दाजी म्हणाले, मटण हाये, हातानंच खायाचं असतंय. शेवटी वेटरला बोलावून विचारलं, याच्यासोबत भाकरी मिळंल काय. त्यानं गरम पाव आणून दिला, तो पण गुणी पोरगा.

चव? चांगली होती. खूप चांगली होती, उगाच रागापोटी खोटं का सांगू. मसाला नाही, कांदा-खोबरं नाही, नुसतं मीठ-मिरी आणि धूर, तरी मांस सायीसारखं. आपल्या सुक्क्यापेक्षा भारी का विचाराल तर नाही. वेगळं.

बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. तो सक्तीचा नसतो, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच सांगितलंय, काढा म्हटलं की काढतात. आम्ही काढायला लावला आणि त्यातले काही त्या पोराच्या हातात दिले. परतीला शेवटच्या बोटीची वेळ काय विचारायची गरज नाही, बोटी रात्रभर चालू असतात. चोर्ल्यात मात्र धुकं होतं, दाजी मागं घोरत, बूट काढून परत कोल्हापुरी घालून.

परवा ताईचा फोन आला, बदललास काय रे आधार? म्हटलं गेलो होतो केंद्रावर, साडेनऊला. टोकन संपलं होतं.