खिडक्यांचा करार रद्द केला, त्याचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर जुनं, हिवाळ्यात खिडक्यांतून वारा शिरतो, म्हणून सगळ्या खिडक्या बदलायचं ठरवलं. एका कंपनीचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी घरी आला, मापं घेतली आणि "ही किंमत फक्त आजच" म्हणत सह्या आणि डिपॉझिटचा चेक घेऊन गेला.

शनिवारी नवरा करार घेऊन निवांत वाचायला बसला. इथे घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि करारासोबत विम्याच्या सर्टिफिकेटची प्रत द्यावी लागते. आमच्या कागदांत ती नव्हतीच. फोन केला तर "पाठवतो, पाठवतो". खिडकी उतरवताना भिंत फुटली तर भरपाई कोण देणार? आम्ही करार रद्द करायचं ठरवलं.

न्यू जर्सीत ५०० डॉलरवरचा घरदुरुस्तीचा करार लेखीच लागतो, आणि त्याची प्रत हातात पडल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. घरी येऊन केलेल्या विक्रीला फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) देशभराचा नियमही तीनच दिवस देतो. मात्र सगळा व्यवहार फोनवर किंवा ऑनलाइन झाला असेल, किंवा विक्रेत्याच्या कायमच्या दुकानात, तर हा फेडरल नियम लागू होत नाही. दिवस मोजताना त्यात शनिवार धरतात. रविवार आणि फेडरल सुट्ट्या धरत नाहीत. म्हणजे आमच्या हातात मंगळवारची मध्यरात्र होती.

सोमवारी कंपनीला कळवलं. विक्रेता म्हणाला, माल ऑर्डर झालाय, डिपॉझिट विसरा. मग त्याचा मॅनेजर फोनवर आला, अगदी गोड बोलला: "मी इथूनच कॅन्सल करतो, पत्रबित्र कशाला?" मला या दुसऱ्या माणसाची जास्त धास्ती वाटली. फोनवरच्या शब्दाला पुरावा नसतो, आणि मुदत उलटली की हक्क संपला.

रद्द करण्याचा छापील फॉर्म दोन प्रतींत देणं विक्रेत्याचं काम; आम्हाला एकही मिळाला नव्हता. तरी अडत नाही, साधं पत्र चालतं. मी चार ओळी लिहिल्या: कराराची तारीख, घराचा पत्ता, "हा करार मी रद्द करत आहे", खाली सही आणि तारीख. विम्याचा उल्लेखही मुद्दाम टाळला, कारण कारण दिलं की वाद घालायला जागा मिळते. पोस्टात सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची नोंद राहते असं टपाल), पोचपावतीसह पाठवलं. क्लार्कने पावतीवर त्या दिवसाचा गोल शिक्का मारला, त्याचा मी तिथेच फोटो काढला. पत्र त्यांना कधी मिळतं हा प्रश्न नसतो, ते मुदतीत पोस्टात पडलं पाहिजे. काही दिवसांनी पोचपावतीचं हिरवं कार्ड त्यांच्या सहीनिशी परत आलं.

पैसे मात्र सहजी सुटले नाहीत. राज्याच्या कायद्यात नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत परतावा आहे, फेडरल नियमात कामकाजाचे १० दिवस. दोन्हींचा उल्लेख करून, हिरव्या कार्डाची प्रत जोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा पूर्ण रकमेचा चेक आला.

आईवडील कॅलिफोर्नियात असतील तर हेही सांगून ठेवा: २०२१ पासून तिथे ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या ग्राहकांना घरदुरुस्तीच्या करारासाठी तीनऐवजी पाच कामकाजाचे दिवस मिळतात.

खिडक्या पुढे दुसऱ्या कंत्राटदाराने बसवल्या. सही घेण्याआधी त्याने विम्याचा कागद पुढे ठेवला आणि रद्द करायच्या मुदतीचा परिच्छेद स्वतःहून वाचून दाखवला. हा हक्क तोंडी सांगणंही नियमाने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पहिल्याने तो उच्चारलासुद्धा नव्हता.