नऊ वाजता गच्चीवर कोण कोण आहे?

कंपनीचं नाव लिहीत नाही, गेमचंही नाही. इंदूरच्या विजयनगरात ऑफिस आहे आणि गेम पतंगांचा आहे एवढं पुरे. चार विरुद्ध चार, दोन गच्च्या समोरासमोर, ज्या गच्चीचा पतंग शेवटपर्यंत वर राहिला ती जिंकली. संक्रांतीच्या तोंडावर लाँच केला तेव्हा धडाधड डाउनलोड झाले, इंदूर, नागपूर, आणि गुजरातचं तर विचारूच नका. मग हळूहळू असा उतरला की रात्री उशिरा मॅच लागायलाच ताटकळत बसावं लागायचं. मी तिथे प्लेयर सपोर्ट बघते, म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं हे माझं ऑफिशियल काम.

गेलेले प्लेयर परत आणायचे हा विषय दर मीटिंगला निघायचा आणि उत्तर दर वेळी एकच, फुकट कॉइन वाटा. नोटिफिकेशन पाठवायची तर ज्याने गेम काढूनच टाकलाय त्याला ती जाणार कुठून, आणि ज्याच्या फोनमध्ये अजून पडलाय त्यातल्या निम्म्यांनी परवानगीच दिलेली नसते, अँड्रॉइड १३ पासून ती आधी मागावी लागते ना. मेल जातात ते थेट प्रमोशनच्या डब्यात. तरी काही जण यायचे, कॉइन उचलायचे, एखादी मॅच खेळायचे आणि परत गायब. पुढच्या मीटिंगला परत तेच, कॉइन वाढवा.

त्या वेळी मार्केटिंगवाल्याने फोर्टनाइट या परदेशी ऑनलाइन गेमचं उदाहरण काढलं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी जुना मॅप परत आणला आणि ४ तारखेला एका दिवसात ४.४७ कोटी लोक खेळून गेले, हा आकडा त्यांच्या कंपनीनेच जाहीर केला होता. झालं, आमच्या सरांच्या डोळ्यात चमक आली, आपणही पहिला मॅप परत आणू म्हणाले. मी म्हटलं सर, आपला पहिला मॅप अजून गेममध्येच आहे, तो कुठे गेलाच नाही, गेलेत ते लोक. तर म्हणे सर्व्हे पाठव. आता जो माणूस तुमचा गेम सोडून गेलाय तो तुमचा सर्व्हे भरायला बसणारे का? मी सुचवलं की माझ्याकडे तिकिटांमध्ये, म्हणजे लोकांच्या तक्रारींत, इंदूरचे जुने प्लेयर आहेत, त्यांना विचारून एका शनिवारी ऑफिसातच बोलवू, पोहे-जलेबी आपल्याकडून. पोह्यांच्या खर्चाला सर नाही म्हणाले नाहीत.

नियम एकच ठेवला होता. का सोडलंत असं कोणी विचारायचं नाही. त्यांचा फोन, त्यांचं जुनं अकाउंट, आपण मागे खुर्ची टाकून गप्प बसायचं. गप्प बसणं आमच्या डिझायनरला किती जड गेलं ते मीच पाहिलंय.

पहिली आली ती भंवरकुआंला राहून पीएससीची तयारी करणारी मुलगी. कधीकाळी आमच्या डायमंड रँकला होती. अपडेट एवढं मोठं की ऑफिसच्या वायफायवरसुद्धा तिची एक प्लेट पोहे जीरावन-शेवेसकट संपले. मग ओटीपी गेला जुन्या सिमवर, जे तिने केव्हाच बंद केलेलं, ते मी आतून सोडवून दिलं, पण घरी बसलेल्या माणसाला कोण सोडवून देणार? आत गेली तर पॉपअपवर पॉपअप. रोजचं बक्षीस, सीझन पास, चक्र फिरवा, परत आल्याबद्दल पेटी उघडा, पेटीतलं निघालं ते वापरायला लेव्हल वाढवा. ती न वाचता फुली, फुली, फुली. मागे आमचा डिझायनर प्रत्येक फुलीला नुसता हलत होता. शेवटी लॉबी आली आणि तिने फ्रेंड लिस्ट उघडली. सगळी नावं करडी. वरून खाली गेली, खालून वर आली, म्हणाली "कोणीच नाहीये?" आणि मग नाइलाजाने क्विक मॅच दाबलं.

पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. रँक जुनाच, डायमंड, म्हणून समोर सगळे रोज खेळणारे मुरलेले लोक. पतंग वर जातोय न जातोय तोच कापला. परत मॅच, परत कापला. तिसऱ्यांदा तिने फोन उलटा ठेवला, "मला आता यातलं काही येतच नाही." जलेबी मात्र घेतली.

आमचा सर्व्हरवाला तिथेच कपाळाला हात लावून म्हणाला, हे एलोमुळे. एलो म्हणजे बुद्धिबळासाठी आर्पाद एलो यांनी बनवलेली रेटिंगची पद्धत, जागतिक बुद्धिबळ संघटनेने, फिडेने, १९७० मध्ये घेतली तीच, आणि आम्ही ती आहे तशी उचललेली. त्यात तुम्ही वर्षभर पतंगाला हात लावला नाहीत तरी तुमचा आकडा जिथल्या तिथे. मार्क ग्लिकमनची ग्लिको पद्धत १९९५ ची आहे, त्यात रेटिंगसोबत त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा याचाही एक आकडा असतो, माणूस खेळला नाही की भरवसा कमी होत जातो आणि परत आला की त्याचं रेटिंग झपाट्याने हलून चार मॅचमध्ये ठिकाणावर येतं. म्हणजे यावर उपाय कधीचा आहे, आमच्याकडे कोणी लावला नव्हता एवढंच, कारण सगळे चार्ट नवीन प्लेयरचे असायचे, परत आलेल्याचा वेगळा चार्टच नव्हता.

मग सुदामानगरचे दोन भाऊ. त्यांना उलट झालं, धडाधड जिंकले. तिसऱ्या मॅचला धाकटा मला म्हणतो, "दीदी, ये तो मशीन है." मी विचारलं कशावरून रे, तर म्हणे पेच लागला की हा ढीलच देत नाही, नुसता खेचतो, कोणता माणूस असं करतो? बरोबरच होतं. माणसं कमी पडली की आम्ही बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच खेळवतो ते प्लेयर, घालतो आणि त्यांना खऱ्यासारखी नावं देतो. थोरल्याने जिंकलेली पेटी उघडलीसुद्धा नाही. हरल्यावर निदान राग येतो हो, यांना तर कंटाळाच आला. मला विचाराल तर बॉट घालायला माझी ना नाही, पण बॉट आहे असं सांगून घाला ना.

आणि मग आले रामबागेतले काका. बँकेतून रिटायर, पांढरा शर्ट, सोबत स्वतःचा पाण्याचा थर्मास. मी त्यांना तिकिटांवरून ओळखायचे, फार शुद्ध मराठीत तक्रार करायचे, प्रत्येक ओळीला 'कृपया'. काकांनी गेम सुरू केला, पॉपअप शांतपणे वाचून वाचून बंद केले (एकमेव माणूस ज्याने वाचले!), आपली गच्ची उघडली आणि तिथेच थांबले. मॅच दाबेनात. गच्चीवर चार नावं. काका, पुण्यातला पुतण्या, बडोद्याचे साडू, आणि चौथा नागपूरचा एक मुलगा जो यांच्या कोणाच्याच ओळखीचा नव्हता, एकदा क्विक मॅचमध्ये भेटला आणि राहिला. रोज रात्री जेवणं झाली की नऊला चौघं हजर.

इथे नियम मीच मोडला आणि विचारलं, काका मग बंद का झालं?

काका म्हणाले, "तुमचा तो गोल्ड मांजा आला ना बाळा, तेव्हापासून."

गोल्ड मांजा म्हणजे आमच्या कंपनीची लक्ष्मी. पैसे देऊन घ्यायचा, साध्या मांजाशी पेच लागला की जवळजवळ नेहमी तोच कापणार. काकांनी एक घेतला, पुतण्याने घेतला, साडूंनी नको नको म्हणत घेतला. नागपूरचा मुलगा हॉस्टेलवर राहणारा, त्याने काही घेतला नाही. हे म्हणाले आम्ही घेऊन देतो, तर त्याला ते बरं वाटेना. मग प्रत्येक मॅचला पहिला पतंग त्याचा कापायचा आणि तो "सॉरी काका" म्हणायचा. काही दिवसांनी अभ्यास आहे म्हणाला, मग आलाच नाही. चौथ्या जागी क्विक मॅचचा कोणीतरी यायचा, मधेच निघून जायचा. मग साडू ढेपाळले, मग पुतण्या.

"आणि खऱ्या आकाशात नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातलीये," काका सरांकडे बघून म्हणाले, "तुम्ही फोनमध्ये विकताय." सर हसले, पण कसंनुसं.

मी म्हटलं म्हणजे गच्ची मोडलीच की काका. तर म्हणाले, "छे, मोडली कुठे? अजून रोज नऊला बोलतो आम्ही, व्हॉट्सॅपवर. फक्त तुमचा गेम नसतो मधे."

हे ऐकल्यावर काही क्षण कोणालाच काही सुचलं नाही. आम्ही इतके दिवस एकेक माणूस धरून कॉइन वाटत होतो, आणि इथे अख्खी गच्ची जशीच्या तशी शाबूत होती, बाहेर बसलेली. मी सर्व्हरवाल्याकडे बघितलं, तो आधीच लॅपटॉपवर टेस्ट सर्व्हर उघडून गोल्ड मांजा बंद करत होता, सरांना न विचारता. काकांनी फोन लावले. पुतण्या शनिवार असल्याने घरीच. साडू म्हणाले, दुपारची झोप मोडलीस. नागपूरच्या मुलाचा फोन लागेना, मग त्यानेच उलट लावला, आणि काकांनी त्याला गेमचं काही सांगितलंच नाही, एवढंच म्हणाले, "अरे, साधा मांजा आहे आज. ये."

समोरच्या गच्चीवर आम्ही ऑफिसातले चौघं बसलो. पहिली मॅच आम्ही घेतली, ते गंजले होते. दुसऱ्यात साडूंचा आणि आमच्या डिझायनरचा पेच लागला, काका उभे राहून ओरडतायत "खेचू नका, ढील द्या, ढील द्या, अजून द्या", डिझायनर घामाघूम, आणि तेवढ्यात बाजूने नागपूरवाला आला आणि त्याने डिझायनरचा पतंग असा साफ उडवला की फोनमधून तिघं आणि खोलीतून काका एकदमच "काऽऽटा है!" खालच्या मजल्यावरचा सीएवाला काय झालं ते बघायला वर आला. पीएससीवाली मुलगी अजून तिथेच होती, ती म्हणाली मला पण यांच्यात घ्या ना, कोणी दमलं की.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सर्व्हरवाला आणि मी बसून बंद पडलेल्या गच्च्या एकेक करून बघितल्या. बहुतेक ठिकाणी तीच गोष्ट. चौघं एकदम जात नाहीत. आधी एक जातो, बहुतेक वेळा सगळ्यात कमी पैसे घातलेला, मग जागा भरत नाही, मग उरलेले. आमच्या चार्टवर मात्र चौघंही वेगवेगळे, प्रत्येकाच्या पुढे 'रस कमी झाला'.

सरांशी मग बरीच वादावादी झाली. ते म्हणाले फायनल फँटसी चौदाने २०१२ मध्ये चालता गेम बंद करून २०१३ ला नव्याने उभा केला, तेवढा पैसा आपल्याकडे नाही. मी म्हटलं तेवढं करायचंच नाहीये. रनस्केपवाल्यांचं बघा, २०१३ मध्ये लोकांचं मत घेऊन जुना गेम परत सुरू केला, आणि पुढे नवं काही मोठं टाकायचं तर त्याच लोकांचं मत घेऊन, आधी पंचाहत्तर टक्के हो म्हणाले तरच, २०२२ पासून सत्तर. आणि आपल्याकडचं बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून उतरलं ते थेट मे २०२३ ला परत आलं, तरी पोरं आली की नाही? कॉइनसाठी आली का? त्यांचे स्क्वाडचे ग्रुप चालूच होते, म्हणून आली असं माझं तरी मत आहे.

शेवटी ठरलं ते एवढंच. परत आलेल्याला पहिल्या काही मॅच एक पायरी खाली, आणि पॉपअप सगळे दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद. बॉटच्या नावापुढे बॉट लिहायचं. कमबॅकची पेटी एकट्याला मिळणार नाही, जुन्या गच्चीतले तिघं त्याच आठवड्यात आले तरच उघडणार, आणि निमंत्रण कंपनीकडून न जाता गच्चीतल्याच माणसाने व्हॉट्सॅपवर पाठवायचं. रोज रात्री नऊ ते दहा साधा मांजा. दिवसभर ठेवला असता तर थोडे लोक चोवीस तासांत विखुरले असते आणि मॅच लागलीच नसती, एका तासात कोंबले की लागते.

गोल्ड मांजा पूर्ण काढायला सर तयार झाले नाहीत, पगार त्यातून निघतात म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. ज्यांनी पैसे देऊन घेतलाय त्यांचं नऊ ते दहा काय करायचं, भरपाई द्यायची की नाही, यावर अजून दोन गट आहेत ऑफिसात. मी द्यावी म्हणणाऱ्यांतली. साधा मांजा सुरू झाला त्याच रात्री पहिलं तिकीट आलं ते गोल्ड मांजावाल्याचंच, मला आमच्या काकांचं वाटलं कारण 'कृपया' होतं, पण पुढे जे लिहिलं होतं ते इथे देता येणार नाही.